बोटीवर अडकलेला आचारी

यंदाच्या जानेवारीतली गोष्ट. सकाळी साडेसहाला सांगलीहून मावशीचा फोन आला. एवढ्या सकाळी फोन वाजला म्हणजे कुणीतरी गेलं, अशी आमच्या घरात समजूत आहे. त्यामुळे आईनं तो घाबरतच उचलला. मावशी म्हणाली, "अगं, ट्रम्पनं कशावर तरी सही केलीय. आपल्या बाळाचं काय होणार आता?"

आपलं बाळ म्हणजे माझ्या मावसबहिणीचं. ताई न्यू जर्सीत राहते. दाजी एच-वन-बी व्हिसावर, ती एच-फोरवर, आणि ग्रीन कार्डाच्या रांगेत नंबर कधी लागेल हे ब्रह्मदेवही सांगू शकणार नाही. डॉक्टरांनी मार्चची तारीख दिली होती. आणि २० जानेवारी २०२५ ला, म्हणजे शपथ घेतली त्याच दिवशी, राष्ट्राध्यक्षांनी आदेश काढला : आई बेकायदा राहत असेल आणि वडील नागरिक किंवा ग्रीन कार्डवाले नसतील, तर अमेरिकेत जन्मलेल्या मुलाला नागरिक मानायचं नाही. त्याला जोडून दुसरा मुद्दा : आई कायदेशीर, पण तात्पुरत्या व्हिसावर असेल आणि वडिलांचं तेच असेल, तरीही नाही. तीस दिवसांनंतर जन्मणाऱ्या मुलांना हे लागू. म्हणजे फेब्रुवारीतलं बाळ आत आणि मार्चमधलं बाहेर असण्याची शक्यता होती.

आमच्या फॅमिली ग्रुपवर कल्लोळ उडाला. याच ग्रुपवर महिन्यातून दोनदा 'घुसखोरांना हाकला' छापाचे फॉरवर्ड येतात आणि त्यांना भरभरून अंगठे मिळतात, हे नोंदवून ठेवते. ताईचा पहिला राग वेगळाच होता. "आम्ही लीगल आहोत. रांगेत उभे आहोत, टॅक्स भरतो. आम्हाला त्यांच्यात कशाला धरलंय?" चार दिवसांनी ती जरा मवाळ आवाजात बोलली. तपासणीला गेली तेव्हा शेजारच्या खुर्चीवर होंडुरासची एक बाई बसली होती. साफसफाईचं काम करते, कागद नाहीत, पोट ताईएवढंच. दोघी आपापल्या मोबाइलवर एकच बातमी वाचत होत्या, एक इंग्रजीत, एक स्पॅनिशमध्ये. "मी तिच्याकडे बघून हसले," ताई म्हणाली, "आणि मग मला कसंतरीच झालं."

मी एम.ए.ला इतिहास घेतला होता, म्हणून घरात काहीही झालं की 'तू वाच आणि सांग' हे काम माझ्याकडे येतं. मला वाटलं, तासाभराचं काम आहे. आता डिसेंबर चालू आहे.

सुरुवात एका बोटीपासून करते. १८९५ चा ऑगस्ट. सॅन फ्रान्सिस्को बंदरात चीनहून 'कॉप्टिक' नावाची आगबोट आली. तिच्यावर विशीतला एक आचारी होता, वाँग किम आर्क. कोर्टाच्या नोंदीनुसार जन्म १८७३, सॅन फ्रान्सिस्कोतच, सॅक्रामेंटो स्ट्रीटवरच्या ७५१ नंबरच्या घरात. आई-वडील चीनमधून आलेले, पुढं १८९० मध्ये परत गेलेले. हा पठ्ठ्या इथंच राहून स्वयंपाकाची कामं करत होता आणि अधूनमधून तिकडं जाऊन येत होता. या वेळी निघताना त्यानं गोऱ्या साक्षीदारांच्या सह्यांचं पत्र सोबत ठेवलं होतं : आम्ही याला ओळखतो, हा इथंच जन्मलाय. परत आला तेव्हा बंदरावरच्या कस्टम्स अधिकाऱ्यानं पत्र बघितलं आणि सांगितलं, तू चिनी आहेस, उतरता येणार नाही.

मग सुमारे पाच महिने तो पाण्यावर. कॉप्टिक परत निघाली की त्याला दुसऱ्या बोटीवर हलवायचं, ती निघाली की तिसऱ्या. ज्या शहरात जन्मलो ते समोर दिसतंय, रात्री दिवे दिसतायत, आणि पाय ठेवायची सोय नाही.

हे कशामुळे झालं? १८८२ मध्ये अमेरिकेनं चिनी मजुरांना देशात यायला बंदी घालणारा कायदा केला. १८८८ मध्ये, बाहेर गेलेल्या मजुरांची परतीची प्रमाणपत्रंही रद्द केली. १८९२ पासून आत असलेल्या चिनी मजुरांना रहिवासाचा दाखला जवळ ठेवणं सक्तीचं झालं. तो नसेल तर अटक आणि हकालपट्टी. 'बिनकागदाचा माणूस' म्हणून आज आपण ज्याला ओळखतो, तो या कायद्यांतून घडत गेला. त्याआधी कागदच नव्हते, तर बिनकागदाचं कोण असणार? शिवाय १७९० पासून परदेशातून आलेल्याला नागरिक व्हायचं तर तो गोरा असावा लागे (यादवी युद्धानंतर आफ्रिकी वंशाच्या लोकांनाही दार उघडलं). चिनी माणूस पन्नास वर्षं राहिला तरी परकाच. प्रश्न होता त्याच्या मुलाचा.

वाँगला जरा बोटीवरच राहू द्या. आपण तीस वर्षं मागं जाऊ.

१८५७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं ड्रेड स्कॉट खटल्यात सांगितलं होतं की काळा माणूस, गुलाम असो की स्वतंत्र, या देशाचा नागरिक होऊच शकत नाही. पिढ्यान् पिढ्या इथं जन्मलेल्यांना हे ऐकवलं गेलं. मग यादवी युद्ध झालं, गुलामी संपली, आणि तो निकाल गाडून टाकण्यासाठी चौदावी घटनादुरुस्ती लिहिली गेली. १८६८ मध्ये ती लागू झाली. पहिल्याच वाक्यात म्हटलंय की अमेरिकेत जन्मलेल्या आणि तिच्या अधिकारक्षेत्राच्या अधीन असलेल्या सर्व व्यक्ती नागरिक आहेत. सगळं भांडण या 'अधिकारक्षेत्राच्या अधीन' शब्दांवर आहे. आदेशाच्या बाजूचे म्हणतात, बेकायदा आलेल्यांची निष्ठा दुसऱ्या देशाशी, म्हणून ते पूर्णपणे अधीन नाहीत. विरोधक म्हणतात, त्यांना इथले पोलीस पकडतात, इथलं कोर्ट शिक्षा देतं, आणखी अधीन ते काय असायचं?

एक वाक्य मी दोन्हीकडून वारंवार ऐकलं : दुरुस्ती लिहिणाऱ्यांच्या डोक्यात बेकायदा स्थलांतरितांचा विचार नव्हताच. मलाही ते पटलं होतं. मग मी ३० मे १८६६ ची सिनेटमधली चर्चा वाचली.

पेन्सिल्व्हेनियाचे एडगर काउअन उठले आणि त्यांनी विचारलं, चिन्यांची मुलं नागरिक होणार का? आणि आमच्या राज्यातल्या जिप्सींची? हे लोक सरकारला जुमानत नाहीत, कर भरत नाहीत, सैन्यात जात नाहीत, जातील तिथं दुसऱ्याच्या जागेत घुसून तळ ठोकतात. यांच्या पोरांनाही तुम्ही आपल्यासारखंच धरणार? शब्द जुने आहेत, पण हे भाषण आज टीव्हीवर लावलं तर कुणाला तारीख ओळखता येणार नाही.

(जाता जाता : जिप्सी म्हणजे रोमा. त्यांच्या भाषेचं मूळ भारतातलं आहे. पाण्याला ते 'पानी'च म्हणतात. पेन्सिल्व्हेनियातल्या सिनेटरला ज्यांची भीती वाटत होती त्यांचे पूर्वज कधीकाळी आपल्याकडूनच निघालेले. आमच्या ग्रुपवर हे टाकलं तेव्हा मामानं विचारलं, "मग ते आपले की त्यांचे?")

काउअनना उत्तर दिलं कॅलिफोर्नियाच्या जॉन कॉनेस यांनी. हा गृहस्थ आयर्लंडमध्ये जन्मलेला, म्हणजे स्वतःच बाहेरून आलेला. तो थट्टेत म्हणाला की इतकी वर्षं या देशात राहतोय, पण जिप्सींबद्दल जेवढं या दोन-तीन महिन्यांत ऐकलं तेवढं आयुष्यात ऐकलं नव्हतं. आणि मग गंभीरपणे : होय, चिनी आई-बापांची इथं जन्मलेली मुलंही नागरिक होतील, आणि आम्ही ते समजून-उमजून मान्य करतोय. प्रश्न स्पष्ट विचारला गेला, उत्तर स्पष्ट दिलं गेलं आणि दुरुस्ती मंजूर झाली.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे क्लोटिल्डा. अमेरिकेत १८०८ पासून परदेशातून गुलाम आणायला बंदी होती, तरी चोरून आणले जात. क्लोटिल्डा हे असं शेवटचं माहीत असलेलं जहाज. १८६० मध्ये सुमारे ११० माणसांना आफ्रिकेतून अलाबामातल्या मोबाइल शहराजवळ आणून रात्रीच्या अंधारात उतरवलं गेलं आणि पुरावा नको म्हणून जहाज पेटवून दिलं. त्या माणसांना कुणी विचारलं नव्हतं, येता का म्हणून. पण कायद्याच्या नजरेनं त्यांचं येणं बेकायदाच होतं. मोबाइलजवळ त्यांनी आफ्रिकाटाउन नावाची वस्ती उभी केली, संसार केले, पोरं झाली. चौदाव्या दुरुस्तीनंतर, ही पोरं नागरिक नाहीत कारण आई-बाप चोरीच्या जहाजातून आले, असं म्हणण्याची सोय राहिली नाही. 'सर्व व्यक्ती' लिहिलं ते यांच्यासारख्यांना डोळ्यांसमोर ठेवूनच.

इथं मला व्हर्जिनियाचा १६६२ चा कायदा आठवला. मूल गुलाम की स्वतंत्र हे आईवरून ठरेल, असं त्यात होतं. २०२५ च्या आदेशातही पहिला प्रश्न आईचाच आहे. ही तुलना मी ताणणार नाही, गुलामी ती गुलामीच. पण आईची अवस्था मुलाला वारशानं मिळावी की नाही, हा प्रश्न त्या देशात जुना आहे आणि त्याचं उत्तर देताना रक्त सांडलंय.

आता बोटीकडे. वाँगच्या बाजूनं सॅन फ्रान्सिस्कोच्या चिनी संघटना उभ्या राहिल्या, वकील दिले. जानेवारी १८९६ मध्ये तिथल्या न्यायाधीशानं त्याला सोडलं. सरकार वर गेलं. सर्वोच्च न्यायालयात सरकारची बाजू मांडणारे होम्स कॉनरॅड यादवी युद्धात दक्षिणेच्या सैन्यात होते, म्हणजे ज्या युद्धातून ही दुरुस्ती जन्मली त्यात हरलेल्या बाजूचे. २८ मार्च १८९८ ला निकाल लागला, सहा विरुद्ध दोन. न्यायमूर्ती होरेस ग्रे यांनी लिहिलं की इथं जन्मलेला तो नागरिक. अपवाद मोजकेच : परदेशी वकिलातीतल्यांची मुलं, चाल करून आलेल्या शत्रूची मुलं, आणि मूळनिवासी जमाती. त्या शेवटच्या अपवादाचं पाप याच ग्रे यांच्याकडं जातं. १८८४ मध्ये जॉन एल्क या मूळनिवासी माणसाला त्यांनीच नागरिकत्व नाकारलं होतं. ज्यांचा देश त्यांनाच, सरसकट सगळ्यांना, ते मिळायला १९२४ उजाडलं.

वाँगच्या निकालाची फळं कुणी खाल्ली बघा. १९२३ मध्ये याच न्यायालयानं भगतसिंग थिंड यांना सांगितलं की भारतीय माणूस 'गोरा' नाही, म्हणून तो नागरिक होऊ शकत नाही. अशा परक्यांना जमीन घ्यायला कॅलिफोर्नियात आधीच बंदी होती. तिथले पंजाबी शेतकरी, ज्यांतल्या बऱ्याच जणांनी मेक्सिकन बायकांशी लग्नं केली होती, जमीन कुणाच्या नावावर करायचे? इथं जन्मलेल्या पोरांच्या. पाळण्यातलं पोर सातबाऱ्यावर आणि बाप त्याचा पालक म्हणून नांगर धरणारा. १९४६ पर्यंत भारतीयांना नागरिकत्वाचं दार बंद होतं, आणि तोवर त्या घरांतले नागरिक म्हणजे ती पोरंच. बोटीवरच्या आचाऱ्याचा खटला असा आपल्या लोकांच्या शेतात पिकला.

तरी एक फट राहिली होती, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. वाँगचे आई-वडील त्याच्या जन्मावेळी कायदेशीरपणे तिथं राहत होते, आणि निकालात ते अनेकदा नमूद केलंय. म्हणून आदेशाचे समर्थक म्हणतात, हा निकाल बेकायदा आलेल्यांना लागू नाही. १९८२ च्या प्लायलर खटल्यात टेक्सासनं बिनकागदाच्या मुलांना फुकट शाळा नाकारली होती. टायलर गावात तर वर्षाला हजार डॉलर फी मागितली होती. न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी शाळेचं दार उघडलं आणि एका तळटीपेत म्हटलं की 'अधिकारक्षेत्राच्या' बाबतीत कायदेशीर आलेला आणि बेकायदा आलेला यांच्यात फरक करायला जागा दिसत नाही. पण ती तळटीप होती आणि मुद्दा शाळेचा होता. तीन वर्षांनी पीटर शक आणि रॉजर्स स्मिथ या दोन अभ्यासकांनी पुस्तक लिहून उलट बाजू मांडली : नागरिकत्व दोघांच्या संमतीनं होतं, ज्याच्या राहण्यालाच देशाची संमती नव्हती, त्याच्या मुलाला ते आपोआप का मिळावं?

हा प्रश्न मला फालतू वाटत नाही. ब्रिटननं १९८३ पासून नुसत्या जन्मावर नागरिकत्व देणं थांबवलं, ऑस्ट्रेलियानं १९८६ मध्ये. आयर्लंडनं २००४ मध्ये सार्वमत घेऊन राज्यघटना बदलली. कॉनेस ज्या देशातून आला तोच देश! ही सगळी लोकशाही राष्ट्रं आहेत. पण त्यांनी संसदेत कायदा केला किंवा लोकांना विचारलं. अमेरिकेत घटना बदलायची वाट अवघड आहे, आणि ती चालण्याऐवजी एका संध्याकाळी एका पेनानं काम भागवायचा प्रयत्न झाला. माझा आक्षेप आधी तिथं आहे.

आणि आपण? इथं मला अमरावतीचे डॉ. पंजाबराव देशमुख भेटले. ऑगस्ट १९४९, संविधान सभा. नागरिकत्वाच्या कलमानं मसुदा समितीची फार डोकेदुखी केली, अशी कबुली खुद्द डॉ. आंबेडकरांनी दिली होती. भाऊसाहेब उठले आणि म्हणाले, या तरतुदीनं भारताचं नागरिकत्व जगात सगळ्यात स्वस्त होईल. त्यांचं उदाहरण असं होतं : एखादं परदेशी जोडपं काही तासांसाठी मुंबईत उतरलं आणि बाई तिथं बाळंत झाली, की झालं ते मूल भारतीय! उलट, कुठल्याही दुसऱ्या देशाचा नागरिक नसलेल्या प्रत्येक हिंदूला आणि शिखाला मात्र ते मिळावं, अशी त्यांची दुरुस्ती होती. शेतकऱ्यांसाठी आणि बहुजनांच्या शिक्षणासाठी आयुष्य वेचलेल्या माणसाचं हे म्हणणं वाचून मी बराच वेळ थांबले. सभेनं ते स्वीकारलं नाही. त्याआधी एप्रिल १९४७ मध्येच वल्लभभाई पटेलांनी बजावलं होतं की आपल्या नागरिकत्वाच्या तरतुदीकडं सगळं जग बघणार आहे आणि आपण संकुचित दृष्टी घेणं बरं नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या भारतीयांसाठी भांडणारा देश स्वतःच्या घरात वंशाची भाषा कशी बोलणार?

१९५५ च्या कायद्यात आपण लिहिलं : २६ जानेवारी १९५० पासून भारतात जन्मलेला प्रत्येक जण नागरिक. अपवाद दोनच, वकिलातीतल्यांची मुलं आणि ताबा घेतलेल्या शत्रूची मुलं. ग्रे यांच्या यादीतलेच. मग आसामचं आंदोलन झालं, १९८५ चा करार झाला, आणि १ जुलै १९८७ पासून आई-वडिलांपैकी एक जण भारतीय असण्याची अट आली. ३ डिसेंबर २००४ पासून आणखी एक : दुसरा बेकायदा स्थलांतरित नसावा. थोडक्यात, जो नियम वाचून मावशीचा रक्तदाब वाढला, त्याची भावकी आपल्याकडं एकवीस वर्षं नांदतेय.

आमच्या सोसायटीतले वॉचमनकाका नेपाळचे. त्यांची मुलगी इथं पुण्यात जन्मली, २००९ मध्ये. शाळा मराठी, मैत्रिणी मराठी, गणपतीत ढोल वाजवते. आई-बाप दोघेही नेपाळचे नागरिक. १९५० च्या करारामुळं त्यांचं राहणं शंभर टक्के कायदेशीर आहे, पण मुलगी जन्मानं भारतीय नागरिक नाही. मी हे ग्रुपवर लिहिलं. सगळ्यांच्या निळ्या खुणा आल्या. उत्तर फक्त ताईचं आलं. तिनं विचारलं, "तिला माहितीये का?" मला ठाऊक नव्हतं, आणि विचारायचा धीर अजून झालेला नाही.

ताईचं बाळ मार्चमध्ये झालं, मुलगा. तोवर आदेश कोर्टात अडकला होता; सिएटलच्या न्यायाधीशानं तिसऱ्याच दिवशी तो उघडउघड घटनाबाह्य ठरवला होता. जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयानं मूळ प्रश्नाला हात न लावता, खालच्या न्यायाधीशांनी देशभरासाठी स्थगिती देण्यावर मर्यादा आणली. जुलैत न्यू हॅम्पशायरमधून, सगळ्या बाळांना एक गट धरून, पुन्हा स्थगिती आली. आणि या ५ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयानं मूळ प्रश्नच सुनावणीला घेतला. सव्वाशे वर्षांपूर्वीचा आचारी पुन्हा कोर्टात उभा राहणार.

त्याचं पुढं काय झालं, ते सांगते. जिंकल्यावर तीन वर्षांनी, १९०१ मध्ये, टेक्सासच्या एल पासोत त्याला पुन्हा पकडलं. आरोप तोच, चिनी असून देशात असणं. ज्याच्या नावानं निकाल ओळखला जातो त्याला तो निकाल दाखवून सुटायला काही महिने लागले. त्यानंतर चीनला जाताना दर वेळी फॉर्म भरायचा, फोटो लावायचा. फॉर्मवर त्याचा उल्लेख 'कथित नागरिक' असा. १९१० मध्ये त्याचा मोठा मुलगा बापाच्या नागरिकत्वाच्या आधारानं आला. अधिकाऱ्यांनी दोघांना वेगवेगळं बसवून प्रश्न विचारले, उत्तरं जुळली नाहीत, आणि मुलाला परत पाठवलं. धाकट्यांना नंतर प्रवेश मिळाला; सगळ्यात धाकटा दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होता. वाँग स्वतः १९३१ मध्ये, साठीच्या आसपास, असाच फॉर्म भरून चीनला गेला, तो परत आला नाही.

ताईनं एक निळी फाइल केलीय. जन्माचा दाखला, पासपोर्टची झेरॉक्स, दोघांचे जुने व्हिसे, दवाखान्याची बिलं, पगाराच्या स्लिपा. दाजी हसतात, म्हणतात, "पोरगा नागरिक आहे, पासपोर्ट आलाय, आता कशाला?" परवा व्हिडिओ कॉलवर बाळ रांगत रांगत त्या फाइलपर्यंत पोचलं आणि तिचा कोपरा तोंडात घातला. ताई धावली. आधी तिनं फाइल सोडवली, मग त्याला उचललं.